एकोणतीस नंबरच्या खाटेवरून

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजून घे. कंबर सध्या अर्ध्या वाटेत अडकते, तेव्हा आठांपैकी पाच अंगांचा तरी पोचला असं धर.) तुझे गुडघे कसे आहेत? शेकायची पिशवी दिली होती ती तू वापरतेस की शेजारणीच्या पाठीला लावून येतेस, हे मी विचारत नाही, कारण मला ठाऊक आहे. चौतीस वर्षं आमच्याच हॉस्पिटलात नोकरी केलीस, मेट्रन होऊन निवृत्त झालीस आणि आजारपणाची एकही रजा काढली नाहीस, हे आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाणार आहे. पण मला वाटतं, तेव्हाची सगळी आजारपणं आता एकदम गुडघ्यांत येऊन बसली आहेत. इकडे तुमचे जावई ठीक, लेक ठीक, मी मजेत. पत्र लिहायला तसं खास कारण काही नाही. सहज बसले होते, तुझी आठवण झाली. शेवटच्या पानाला खोकल्याच्या औषधाचा वास येईल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तर आमच्या हॉस्पिटलातून सहा महिन्यांत दोन सिस्टर नोकरी सोडून गेल्या आणि एक डॉक्टर जिन्यात चक्कर येऊन पडला. (पडला तो बरोबर हाडांच्या वॉर्डाच्या दारात, त्यामुळे फार लांब न्यावं लागलं नाही.) त्यावर आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख, कुठल्याशा चर्चासत्राला जाऊन आले आणि येताना बर्नआउट हा शब्द घेऊन आले. डॉक्टर आणि सिस्टर लोक दुसऱ्यांचं बघता बघता स्वतः आतून करपतात, त्याला म्हणे असं म्हणतात. तुझ्या वेळी त्याला काही म्हणत नसत, त्यामुळे तो होतही नसावा. मोठ्या डॉक्टरांनी ताबडतोब थकवा निवारण समिती नेमली आणि माझं अक्षर बरं म्हणून मला तिची चिटणीस केलं. समितीची बैठक दर शनिवारी, ड्यूटी संपल्यावर दोन तास. पहिल्या बैठकीत पाच सभासदांपैकी तीन झोपले, आणि कुणीच विरोध न केल्यामुळे सगळे ठराव एकमताने मंजूर झाले. मी तसं लिहूनही ठेवलं आहे.

पहिला ठराव, सर्वांनी चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली भरायची. तीन प्रतींत. प्रश्न असे की वाचूनच दम लागावा. सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, नेहमी, कधी कधी, क्वचित की कधीच नाही, यावर खूण करा. आमच्या वॉर्डातल्या मावशी, म्हणजे बावीस वर्षं इथे साफसफाई करणाऱ्या आमच्या आयाबाई, लिहायला कंटाळतात, म्हणून त्यांची प्रश्नावली मी भरली. तुम्हाला एकटं वाटतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, एकटं वाटायला आधी कुणीतरी एकटं सोडायला नको का. याला चौकटच नव्हती, म्हणून मी समासात लिहिलं. दुसरा ठराव, हास्यवर्ग. त्यासाठी बाहेरून एक हसवणारे गृहस्थ आणले. दुपारी दोनला, म्हणजे बरोबर एका पाळीने दुसऱ्या पाळीला वॉर्ड सोपवायच्या वेळेला, तीस जणांना व्हरांड्यात उभं करून त्यांनी हात वर करून हो हो हो करायला लावलं. आतल्या पेशंटचे नातेवाईक धावत बाहेर आले, इथे आमचं माणूस सलाइनवर आहे आणि तुम्हाला हसू सुचतं, म्हणून त्यांनी जो काही आवाज चढवला त्यात हो हो हो बुडून गेलं. तेवढ्यात माझं लक्ष हसवणाऱ्या गृहस्थांच्या चेहऱ्याकडे गेलं. रंग मला काही बरा वाटेना. बसवून ब्लड प्रेशर घेतलं तर एकशे सत्तर. ते दोन दिवस पुरुषांच्या वॉर्डात होते. थकवा कमी करण्याच्या कामात आमचा एक पेशंट वाढला तो असा.

आणि तिसरा ठराव म्हणजे विश्रांती कक्ष. इथून आमच्या नाटकाचा मुख्य अंक सुरू होतो, तेव्हा शेकायची पिशवी गुडघ्याला लावून नीट बस. आमच्या वॉर्डात अठ्ठावीस खाटा आणि बाजूच्या छोट्या खोलीत एक, एकोणतिसावी. ती खोली रिकामी करून तिच्या दारावर पाटी ठोकली, खाट मात्र तीच ठेवली आणि भिंतीवरचा २९ हा आकडाही तसाच राहिला. (रंगाऱ्याला बोलावलं होतं, तो पायऱ्यांवरून घसरून आता हाडांच्या वॉर्डात आहे.) दार सदैव उघडं ठेवायचं, म्हणजे कोण किती विश्रांती घेतंय ते येता-जाता दिसेल, असा मोठ्या डॉक्टरांचा हुकूम. दार उघडलं की पाटी भिंतीकडे तोंड करून उभी राहते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आत एक रजिस्टर: नाव, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, थकव्याचं कारण, वरिष्ठांची सही. तीन आठवड्यांत त्यात एकच नोंद झाली, तीही एका पाहुण्याची, त्याला ते भेट देणाऱ्यांचं पुस्तक वाटलं आणि त्याने 'स्वच्छता समाधानकारक' असं लिहिलं. वर आकडे पाठवायचे होते. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, सिस्टर, चिटणीस या नात्याने तुम्हीच अर्धा तास विश्रांती घ्या, संध्याकाळी मी येऊन रजिस्टर बघतो.

आता इथे एक गोष्ट सांगावी लागते. खरं तर सांगायची नव्हती, पण ती वगळली तर पुढचं लंगडं होईल. रागावू नकोस. माझ्या युनिफॉर्मच्या खिशात तेव्हा एक कागद होता. राजीनामा. चारच ओळी. लिहून सहा दिवस झाले होते आणि तो द्यायला जायला वेळ मिळत नव्हता. (हे विनोदाने लिहीत नाही, खरोखरच मिळत नव्हता.) सात नंबरला एक आजीबाई होत्या, दोन महिने होत्या. मला पोरी म्हणायच्या, आणि मी इंजेक्शन घेऊन गेले की स्वतःचं दुखणं सोडून मलाच विचारायच्या, पोरी, जेवलीस का. त्या मंगळवारी सकाळी गेल्या. आत्या, मी त्यांचे डोळे मिटले आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की चला, एक खाट रिकामी झाली. त्यानंतर काही येईल म्हणून मी जरा वेळ थांबले. आलंच नाही. घरी गेले तर लेक पास झाल्याचं सांगत आली, तिला मी म्हणाले, बरं, ठेव टेबलावर, बघते. ती आत गेली. मग मी तू दिलेल्या त्या जाड कागदाच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं. तू मला या कामात आणलंस, टोपी कशी लावायची ते आरशासमोर उभं करून शिकवलंस, त्यामुळे तुझ्याच वहीतला कागद वापरताना मला कसं वाटलं असेल ते तूच ठरव.

असो. (हे 'असो' लिहायला मला दहा मिनिटं लागली.) ज्या दिवशी मला विश्रांतीची सक्ती झाली त्याच दिवशी दुपारी खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली माझ्या अंगावर फुटली. डोक्यापासून पायापर्यंत मी चिकट, खिशातला कागदसुद्धा. युनिफॉर्म मावशींनी धुवायला नेला, बदलायला दुसरा नव्हता, म्हणून मी पेशंटचा झगा घातला, टोपी काढली, चष्मा काढला, केस मोकळे सोडले, कागद उशीखाली ठेवला आणि दीड वाजता एकोणतीस नंबरवर आडवी झाले. अर्धाच तास पडायचं ठरवलं होतं. रजिस्टर उठल्यावर भरू म्हटलं. पांघरूण गळ्यापर्यंतच घेतलं. (तोंडावरून घेऊ नये एवढं मला पंचवीस वर्षांत कळलंय. घेतलं असतं तर हे पत्र तुला दुसऱ्याच कुणी लिहिलं असतं.) उशीला डोकं टेकल्याचं आठवतं, त्यापुढचं नाही.

दोन वाजता पाळी बदलली. गेलेल्या सिस्टरच्या जागी ऑपरेशन थिएटरमधून एक पोरगेली सिस्टर आम्हाला उसनी मिळाली होती, तिचा आमच्या वॉर्डातला तो पहिला दिवस. सकाळच्या सिस्टरने तिला अठ्ठावीस पेशंट आणि अठ्ठावीस केसपेपर सोपवले आणि ती निघून गेली. पोरगी शहाणी, तिने स्वतः फिरून मोजले, तर पेशंट एकोणतीस! केसपेपर नसलेला पेशंट म्हणजे आमच्यात केवढा गहजब, हे तुला सांगायला नको. आता दुसरी एखादी असती तर तिने आधी चार ठिकाणी विचारत हिंडून गोंधळ मिटवला असता. पण ही पोरगी शिकाऊ असताना माझ्याच हाताखाली तयार झालेल्या सिस्टरकडे शिकली, आणि मी तुझ्या हाताखाली. तेव्हा तुझा नियम तिच्यापर्यंत धडधाकट पोचलेला होता: पांघरुणाखाली कुणीही असो, आधी नाडी, मग नाव. तिने माझी नाडी धरली. एकशे चार. ब्लड प्रेशर घेतलं, तेही तसंच. तिने कोरा केसपेपर काढला. नाव: समजले नाही, पेशंट गाढ झोपेत. वय: अंदाजे साठ.

साठ, आत्या! मी परत परत वाचलं. इतर सगळं मी हसून सोडून देईन, पण हे एक मला मरेपर्यंत लागून राहणार आहे.

मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. त्यांनी मला ओळखलं होतं, त्यांनीच तर माझा युनिफॉर्म धुतला होता. पण त्या बाईने तोंडातून शब्द काढला नाही. उलट बादली घेऊन दारातच ठाण मांडलं आणि जो येईल त्याला, पेशंट झोपलीये, आवाज नको, असं दटावून परत पाठवलं. नंतर मी जाब विचारला तर म्हणाल्या, मला कुणी विचारलं का ती कोण आहे म्हणून? विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पोरीने मग रीतसर डॉक्टरला बोलावलं. आले ते आमचे डुलकी डॉक्टर. (खरं नाव वेगळं आहे, पण ते आता त्यांच्या आईलाच आठवत असेल.) बिचारा आदल्या सकाळपासून ड्यूटीवर होता. उभ्या उभ्या, बोलता बोलता, एकदा तर एक्स-रे वर धरल्या धरल्या झोपलेला मी त्याला पाहिलाय. त्याने मला ओळखलं कसं नाही, असं तू विचारशील. एक तर बिनाटोपीची, बिनाचष्म्याची मी त्याने जन्मात पाहिलेली नाही. दुसरं म्हणजे माझा न ओरडणारा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. तो स्टूल ओढून बसला आणि प्रश्न विचारायला लागला. मी अर्धवट झोपेत, मला वाटलं स्वप्न आहे, आणि स्वप्नात खोटं कशाला बोला म्हणून मी सगळं खरं सांगितलं. पोटभर झोप कधी झाली होती? आठवत नाही. जेवण बसून करता का? नाही, उभ्याने. कुठे दुखतं? सगळीकडे, पण तसं कुठेच नाही. रडू येतं का? यावर मी म्हणाले, येत नाही हेच तर दुखणं आहे. आणि मग, अगं, तेवढं बोलले आणि ते आलंच. डोळे उघडायचीही ताकद नव्हती, पण सात नंबरच्या आजीबाईंसाठी मी त्या उशीवर सहा दिवसांनंतर पोटभर रडले. डॉक्टरने केसपेपर बाजूला ठेवला. हात धरून बसला. त्याच्याजवळ वेळ नव्हता, मला माहीत आहे त्याच्या मागे किती पेशंट थांबले होते ते, तरी बसला. मग केसपेपरवर त्याने लिहिलं: अतिश्रमाने खचलेली. औषध नको. पंधरा दिवस पूर्ण विश्रांती. पेशंटचे म्हणणे ऐकून घेणे. सही केली, तारीख घातली आणि भिंतीला डोकं टेकून तिथेच झोपला. पोरगी परत आली तर स्टुलावर आणखी एक माणूस निपचित. आधी नाडी, मग नाव. तिने त्याचीही नाडी धरली.

नेमके तेव्हाच मोठे डॉक्टर रजिस्टर बघायला आले. मला जाग आली ती त्यांच्या आवाजाने. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, पायाशी केसपेपर टांगलेला, मनगटाला २९ ची पट्टी, बाजूला पेशंटच्या जेवणाचं ताट, स्टुलावर डॉक्टर घोरतोय आणि त्याचं मनगट धरून एक सिस्टर घड्याळात बघतेय. मोठे डॉक्टर लाल. विश्रांती कक्षात पेशंट कुणी भरती केला, पोरीला प्रश्न. पोरीने केसपेपर पुढे केला. त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. मी चष्मा लावला आणि मग पोरीने मला ओळखलं. तिचा चेहरा पाहवेना. मी तिला म्हणाले, सगळं बरोबर केलंस, फक्त वय चुकलं.

केसपेपर रद्द करा, असं मोठे डॉक्टर म्हणाले. पण रद्द कसा करणार? नंबर पडलेला, डॉक्टरची सही झालेली, भरतीच्या पुस्तकात नोंद. पेशंटला घरी सोडणे एवढा एकच मार्ग, आणि त्या कागदावर वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरची सही लागते. म्हणजे माझी. मी म्हणाले, करते सही, पण सोडताना डॉक्टरांनी दिलेला सल्ला पाळला जाईल याची खात्री करून घ्यावी लागते, असा नियम आहे. (असा नियम आहे. तूच लावलेला.) ते म्हणाले, पंधरा दिवस? तुमच्याशिवाय वॉर्ड कसा चालेल? दारातून मावशी म्हणाल्या, साहेब, दुपारपासून चाललाच की. मोठे डॉक्टर माझ्या खाटेच्या कडेवर बसले. मघाचा तोरा कुठल्या कुठे गेला होता. माझ्या तीन रजा त्यांनीच नाकारल्या होत्या, माणसं कुठून आणू म्हणून, आणि खरंच, कुठून आणणार होते? मग त्यांनी त्या पोरीपुढे स्वतःचा हात केला. एकशे आठ. माझ्यापेक्षा चार जास्त.

रजेवर त्यांनी तिथेच सही केली. डुलकी डॉक्टरला जागं करून, गाडीत घालून घरी पाठवलं. ती पोरगी आमच्या वॉर्डाला कायमची मिळाली. समिती बरखास्त झाली नाही, पण बैठक आता ड्यूटीच्या वेळात होणार, आणि रजिस्टर मावशींच्या ताब्यात गेलंय, म्हणजे ते कुणाला दिसणार नाही. एवढंच झालं. फार काही झालं असं मी म्हणत नाही. वॉर्डात दोन माणसं अजून कमीच आहेत. पण त्या दिवशी घरी गेले, लेकीला म्हणाले, तुझा निकाल परत सांग, पहिल्यापासून सांग. तिने एक तास सांगितला.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्यांना जप, आणि शेकायची पिशवी शेजारणीकडून परत आण.

तुझी भाची,
बाळी (वय एकोणपन्नास. नीट वाच, एकोणपन्नास.)

ता. क. – पत्र लिहायला खास कारण नाही असं वर म्हटलंय, ते थोडं दुरुस्त करते. बुधवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येतेय, पंधरा दिवस. गल्लीत मी सिस्टर आहे असं कुणालाही सांगू नकोस. मागच्या वेळी दारात जुने रिपोर्ट घेऊन रांग लागली होती. विचारलंच कुणी तर शिवणकाम शिकवते म्हणून सांग.

दुसरा ता. क. – पहिले तीन दिवस मला झोपू दे. चौथ्या दिवशी तुझे गुडघे बघीन. ब्लड प्रेशरचं मशीन आणतेय. नाही म्हणू नकोस.

तिसरा ता. क. – या शेवटच्या पानाची मागची बाजू तू एव्हाना वाचलीच असशील. हाच तो कागद. वाळवून घेतला, तरी चिकट आहे. घरी ठेवला असता तर मी तो देऊन आले असते, फाडून टाकला असता तर दुसरा लिहिला असता, म्हणून तुझ्याकडे पाठवतेय. सांभाळून ठेव. निघताना मी मागितला तर देऊ नकोस. पुन्हा मागितला तर आधी माझी नाडी बघ. आणि तिसऱ्यांदाही मागितला, आत्या, तर काही विचारू नकोस. दे, आणि माझ्याजवळ बस.